‘लास्ट वर्ड’च्या कृतीवर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘लास्ट वर्ड’ या कॉकटेलच्या माझ्या कृतीखाली तुम्ही चार आक्षेप नोंदवलेत. फ्रीजच्या बर्फाने पाणी होतं, मरास्किनो या चेरीच्या दारूऐवजी चेरीचा पाक सुचवणं चूक आहे, किंमत दिलेली नाही, आणि हे वाक्य: "लिंबू पिळून हलवलंत की त्या बाटलीचं सरबतच होतं, नवशिक्यांनी चार्टरूजला हात लावू नये." मतभेदाचं काही वाटत नाही, पण ‘नवशिके’? घरी शेकर हलवतोय त्याला अकरा वर्षं झाली. असो. उच्चाराबद्दल तर मी बोलणारच नाही.

सरबत म्हणता ना, मग हिशेब करू. जिन, हिरवी शार्त्रूझ (म्हणजे तुमची ती बाटली, वनस्पतींची गोड फ्रेंच दारू), मरास्किनो आणि लिंबाचा रस, प्रत्येकी साडेबावीस मिली, एकूण 90. आपल्याकडची जिन 42.8 टक्के, शार्त्रूझ 55, मरास्किनो साधारण 32. शुद्ध अल्कोहोल झालं 29 मिली. साठच्या लार्ज पेगात ते 26 सुद्धा भरत नाही. बर्फाचं पंचवीसेक मिली पाणी धरलं तरी पेल्यात पंचवीस टक्क्यांचं पेय उरतं. तुमच्याकडे उन्हाळ्यात असलं सरबत देत असतील, तर पाहुण्यांची काळजी वाटते. माणशी एकच पेला आणि सोबत खायला काहीतरी, असं मी लिहिलं होतं ते यासाठीच. वाचलंत का तेवढं?

आता लिंबू. शार्त्रूझ गोड, मरास्किनो गोड; ती गोडी तोडायला आंबट लागतंच आणि ते मोजूनच लागतं. रस पाच मिली कमी पडला की जिभेवर पाकाची चिकटी येते, पाच जास्त झाला की वनस्पतींचा वास मागे सरतो. आपल्या कागदी लिंबाचा रस एका फळाला पंधरा-वीस मिलीच निघतो, त्यामुळे माणशी दोन लिंबं जवळ ठेवा आणि रस पेगच्या मापानेच घ्या, अंदाजाने नको. पिळणीत शेवटच्या थेंबापर्यंत दाबायचं नाही. सालीचं तेल आणि कडवटपणा उतरतो. रस काढून तासन्‌तास ठेवायचा नाही. बाटलीतला तयार रस तर नकोच.

आणि ‘हात लावू नये’ म्हणजे काय? कार्थुझियन या ख्रिस्ती पंथाच्या मठातल्या संन्याशांकडे 1605 साली आलेल्या हस्तलिखितावरून, 130 वनस्पतींची ही लिक्यूर तयार झाली, हे मलाही ठाऊक आहे. पण खुद्द फ्रान्सच्या डोंगरांत लोक ती गरम चॉकलेटमध्ये घालून पितात. डेट्रॉइट अ‍ॅथलेटिक क्लबच्या 1916 च्या मेन्यूत हेच कॉकटेल आहे, लिंबासकट. मिसळीवर तर्री ओतली म्हणून मटकी वाया गेली, असं नाशिकमध्ये कुणी म्हणत नाही. नुसती 55 टक्क्यांची घोटभर घेतली की जीभ आधी भाजते. थंड पाणी आणि आंबट मिळालं की मग तिच्यातला पुदिन्यासारखा, गवती वास मोकळा होतो. तुमच्या ‘नीट’च्या, म्हणजे काही न मिसळता पिण्याच्या, अभिमानाला बाधा येत असेल तर माझा नाइलाज आहे.

पाकाचं म्हणाल तर एक मान्य: हिरव्यात लाल पडलं की रंग मातकट होतो, हे लिहायला हवं होतं. मरास्किनो पाण्यासारखी स्वच्छ असते, चेरीच्या बियांचा बदामासारखा वास तिच्यात असतो, पाकात तो नसतो. पण मी ‘नाइलाज असेल तर’ असे शब्द घातले होते. तुम्ही ते गाळलेत.

बर्फाचं: शेकर 15 सेकंदांऐवजी 12 सेकंद हलवा, संपलं. हवं तर बर्फ फ्रीजरमधून काढल्या काढल्या वापरा, ताटलीत सुटा पडून ओला झालेला नको. आणि ट्रेला झाकण ठेवा, नाहीतर कोथिंबिरीचा नि सुरमईचा वास शार्त्रूझच्या आधी नाकात जातो.

शेकर गार झाला की झाकण आवळून बसतं. ओढाओढ करू नका, कडेवर तळहाताने एक चापट मारा, सुटतं. मग चहाच्या बारीक गाळणीतून, आधीच फ्रीजरमध्ये ठेवलेल्या पेल्यात. बर्फाचे कण तरंगत राहिले तर शेवटचे घोट खरंच पाणचट होतात, हे तुमच्या बाजूने सांगतोय.

किंमत लिहिली नाही, कारण बाटली बहुतेकांकडे येते ती परदेशातून परतणाऱ्या नातेवाइकाच्या दोन लिटरच्या करमुक्त मर्यादेतून. दर काय लिहू?

बाकी, उच्चार ‘शार्त्रूझ’ असा आहे.