मग विमान कसं चालतं? एका कमेंटला जरा लांबलेलं उत्तर

अमेरिकेतल्या राखीव जंगलांतल्या गवताच्या धावपट्ट्या इंजिनाशिवाय, खेचरं आणि हातातल्या अवजारांनी राखतात, अशी माझी पोस्ट होती, त्यावरची ही कमेंट. दादा, टोमणा झकास बसलाय. "विमान धडधडत उतरलेलं चालतं आणि गवत कापायला साधा मोवर चालत नाही, हे म्हणजे सोवळं नेसून मटण खाणं, आणि हे सगळं श्रीमंत पायलटांच्या हौसेपायी" असं तुम्ही म्हणताय.

विसंगती आहेच, नाही कोण म्हणतंय. पण ती मुळात कायद्यातच आहे हो. १९६४ च्या वाइल्डरनेस अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे अशी जंगलं राखीव ठेवणाऱ्या अमेरिकी कायद्यात, एका कलमात मोटारी, इंजिनवाली अवजारं, विमान उतरवणं सगळ्यालाच बंदी, आणि लगेच पुढच्या कलमात म्हणे जिथे आधीपासून विमानं उतरतायत तिथे चालू ठेवायला हरकत नाही. आयडाहो राज्यातलं, फ्रँक चर्च या सिनेटरच्या नावाचं जंगल, साधारण २३ लाख ६६ हजार एकर, ते १९८० ला राखीव करताना तर अमेरिकी संसदेने सरळ लिहून टाकलं की नेहमीच्या वापरातली धावपट्टी फॉरेस्ट सर्व्हिसने (तिथल्या सरकारी वनखात्याने) कायमची बंद किंवा निकामी करायची नाही, फारच धोका असेल तर करा पण राज्याची लेखी संमती घेऊन. म्हणजे पट्टी ठेवायचीच आणि मशीन आणायचं नाही. उरलं काय, खेचरं, खोरी आणि दोघांनी ओढायची करवत.

आणि गवत म्हणजे सोसायटीचं लॉन नव्हे. याच जंगलातली चेम्बरलिनची पट्टी पावणेसहा हजार फुटांवर आहे, उन्हाळ्यात दुपारी हवा विरळ होते, विमानाला उडायला जास्त धाव लागते, त्यात उंच ओलं गवत चाकांना धरून ठेवतं आणि समोर झाडं. शिवाय गोफर, आपल्या घुशीचा लांबचा भाऊ समजा, बिळं करून ठेवतो, त्यात पुढचं चाक गेलं की प्रॉपेलर जमिनीला. ती बिळं बुजवायची, दगड वेचायचे, कडेची रोपटी काढायची. सेलवे-बिटररूट या दुसऱ्या राखीव जंगलात मूस क्रीकच्या पट्टीवर खेचरांच्या जोडीमागे बिनइंजिनाचा मोवर लावून गवत कापतात, आपल्याकडे बैलांमागे फळी लावून वावर सपाट करतात त्याच चालीचं काम.

एक चूक मात्र माझी. मी "इंजिनला शंभर टक्के बंदी" लिहिलं होतं, तसं नाही, अगदीच गरज आहे हे कागदावर दाखवलं तर परवानगी मिळू शकते. पोस्ट दुरुस्त केलीये.

पण इंजिनवाल्या मोवरला सरसकट हो म्हणा हे मला अजूनही पटत नाही. खोऱ्याने आहे ती पट्टी जेमतेम राखली जाते, वाढवायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. उद्या डोझर आला की "आलाच आहे तर अजून दोनशे फूट" म्हणणारा कुणीतरी निघणारच, रस्तारुंदीकरणात आपण बघतोच की.

आणि हो, खेचरं विमानातून नाही नेत 😄 पायवाटेने चालत जातात, मूस क्रीकला रस्त्यापासून वीसेक मैलांहून जास्त.