खुनी कोण, ते फोनला विचारा

खऱ्या आयुष्यात माणूस बाटली उचलतो आणि पितो. लेबल तळहाताखाली झाकलं गेलं तर कुणाचं काही अडत नाही. पडद्यावरचा माणूस मात्र प्रेमभंगाने पार कोलमडलेला असला, तरी बाटली अशा बेताने धरतो की कंपनीचं नाव शेवटच्या रांगेतूनही वाचता यावं. हुंदक्याच्या भरात बोट एखाद्या अक्षरावर सरकलं, तर बहुधा रिटेक होत असावा.

सिनेमात शिरलेली ही छुपी जाहिरात एकदा दिसायला लागली की सिनेमा आपल्यापुरता संपला. नायिका निरोपाचं पत्र वाचत असते, घरातले सगळे रुमाल शोधत असतात आणि मी तिच्यामागच्या फ्रिजचं दार अर्धं उघडं का, या विवंचनेत. (आत फळांचा रस असतो म्हणून. सगळे डबे एकाच कंपनीचे आणि कवायतीला उभे.)

बाँडपट निदान लाजत तरी नाहीत. २००६च्या 'कसिनो रोयाल'मध्ये आगगाडीत समोर बसलेली बाई बाँडच्या घड्याळाबद्दल विचारते, "रोलेक्स?" तो म्हणतो, "ओमेगा." जग वाचवायचं आहेच, पण आधी घड्याळाचं नाव दुरुस्त व्हायला हवं! आणि लाजून भागतही नाही. १९८२च्या 'ई.टी.' या सिनेमासाठी एम अँड एम्स या चॉकलेटच्या गोळ्या मागितल्या, तर मार्स कंपनी नको म्हणाली. हर्शी या दुसऱ्या कंपनीने आपल्या रीसेस पीसेस पुढे केल्या. परग्रहावरचा पाहुणा त्या गोळ्यांच्या मागे घरात आला आणि त्याच्या मागे गिऱ्हाइकं दुकानात गेली.

इथवर मी सोसलं. पण २०२० साली रायन जॉन्सन या दिग्दर्शकाने एका मुलाखतीत सांगून टाकलं, की अ‍ॅपल सिनेमात आयफोन वापरू देते, पण कॅमेऱ्यासमोर खलनायकाच्या हातात तो चालत नाही. हा गृहस्थ स्वतः रहस्यपट काढतो! स्वयंपाक्यानेच पंगतीत येऊन मीठ जास्त झाल्याचं सांगावं, तसं हे.

तेव्हापासून मी रहस्यपटात माणसं बघतच नाही. डिटेक्टिव्ह बिचारा भिंग घेऊन गालिचावर रांगत असतो, तोवर माझा तपास आटोपलेला असतो. "सगळ्या खानदानाकडे एकच फोन, आणि धाकट्या काकाकडेच दुसरा. घ्या, पकडा त्याला!"

"बाबा, प्लीज!" मुलगी कळवळते. बायको काही बोलत नाही, नुसता आवाज वाढवते. टीव्हीचा.

त्यातून प्रत्येक नाव विकतचं असतं असंही नाही, हा आणखी एक ताप. 'कास्ट अवे' या सिनेमाभर फेडेक्स फेडेक्स चालतं, पण त्यासाठी त्या कुरिअर कंपनीने पैसे मोजले नव्हते. विमानं आणि जागा तेवढ्या वापरायला दिल्या. म्हणजे चिडायचं तरी कुणावर?

ब्रिटनने यावर एक तोड काढली आहे. तिथे २०११पासून टीव्ही कार्यक्रमांत पैसे घेऊन वस्तू दाखवायला परवानगी आहे, पण मग पडद्यावर 'पी' हे अक्षर झळकवावं लागतं: सुरुवातीला, शेवटी आणि प्रत्येक जाहिरातीच्या ब्रेकनंतर, किमान तीन सेकंद. मी ही माहिती मोठ्या कौतुकाने घरात सांगितली. मुलीने ती जशीच्या तशी लागू केली. आता मला बोलायची मुभा आहे: सुरुवातीला, शेवटी आणि ब्रेकनंतर. फक्त तीन सेकंद ही किमान मर्यादा नसून कमाल आहे, असं तिचं म्हणणं.