आईचं 'पित्त'

मार्चमध्ये पहाटे सांगलीहून मावशीचा फोन आला. आईला रात्रभर मळमळतंय, जबडा ठणकतोय, गाऊन घामाने भिजलाय. फोन आईच्या कानाला लावला तर म्हणते, "काही नाही गं, पित्त झालंय. ओवा खाल्लाय." जवळच्या दवाखान्यातही ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. ईसीजी निघाला दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर अटॅक येऊन गेला होता.

आई वाचली. मग घरच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली. पुण्यात असती तर, सरकारी आरोग्य योजनेतलं हॉस्पिटल जवळ असतं तर... शेवटी माझा मामेभाऊ म्हणाला, "ताई, तुमच्या इंग्लंडात असं झालंच नसतं."

झालं असतं रे. मी राहते त्या लीड्सच्याच विद्यापीठाने इंग्लंड-वेल्समधल्या हार्ट अटॅकच्या जवळपास 6 लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पहिलं निदान चुकण्याची शक्यता बायकांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा 50 टक्क्यांनी जास्त निघाली. 2019 मध्ये ब्रिटिश हार्ट फाउंडेशनने हिशोब मांडला: पुरुषांइतकेच उपचार मिळाले असते तर दहा वर्षांत किमान 8,200 बायका वाचल्या असत्या. आणि इथे हॉस्पिटलात बिलाचा प्रश्नच नाही.

स्कॉटलंडमध्ये तर हृदयाला इजा झालीय का हे सांगणाऱ्या ट्रोपोनिन या रक्तचाचणीची मर्यादाच वेगळी करून पाहिली, लिटरमागे पुरुषांना 34 नॅनोग्रॅम, बायकांना 16. आधी निदानातून सुटणाऱ्या कितीतरी बायका सापडल्या. तरीही औषधं आणि अँजिओप्लास्टी त्यांच्या वाट्याला पुरुषांपेक्षा कमीच आली. हे वाचून मी खूप वेळ सुन्न बसले होते. कागदावर आजार दिसत असूनही!

म्हणून राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कवच 5 लाखांचं झालं याचा मला आनंद आहे, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही. पैसा हॉस्पिटलच्या दारापासून पुढे कामाला येतो. आई त्या दारापर्यंत पोचायलाच दीड दिवस गेला, आणि ते तास ओवा, गोळी आणि 'बाईमाणसाला काय होतंय' यात गेले. इथे निदान कुणीतरी मोजलं, म्हणून बोलता तरी येतं. आपल्याकडेही मोजा. योजनेत अँजिओप्लास्टी झालेल्यांत बायका किती, आणि दुखणं सुरू झाल्यावर किती तासांनी पोचल्या, हे जिल्हावार जाहीर करा.

परवा आई सांगत होती, शेजारच्या काकूंना जिना चढताना पाठीत कळ येते, पण घरात कुणाला बोलल्या नाहीत. मी म्हटलं, आई, फोन ठेव आणि आत्ता त्यांच्या सुनेला सांगून ये.