बिल्ड चुकलाय तुमचा

शनिवारी रात्री साडेअकराला, एका ऑनलाइन खेळात, एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलानं मला हेडसेटमधून विचारलं, “अंकल, आपका केऑस रेझ कितना है?”

“मायनस २२,” मी म्हणालो. (केऑस रेझ म्हणजे केऑस नावाच्या इजेला तोंड द्यायची ताकद. माझी शून्याच्याही खाली.)

लग्नाच्या पंगतीत बसून कुणी सुकं मटण मागावं, तशी शांतता पसरली. पाच जण होते लाइनवर. त्यातला एक, जो माझा सख्खा भाचा आहे, हळूच म्हणाला, “मामा, तू बिल्ड नीट करून ये ना. आम्ही थांबतो.” बिल्ड म्हणजे पात्राला कोणते गुण द्यायचे त्याची जुळणी. मी घाईघाईनं झाड उघडलं, म्हणजे ते गुण जिथे पॉइंट टाकून घेतात तो तक्ता, आणि कोणते पॉइंट काढता येतील ते चाचपायला लागलो. दीड मिनिटानं वर बघतो तर स्क्रीनवरून सगळ्यांची नावं गायब. मला पार्टीतून, म्हणजे खेळातल्या टोळीतून, काढलं होतं.

खेळ पाथ ऑफ एक्झाइल. पात्र रेंजर, म्हणजे धनुष्यवाली, लेव्हल ८६. तीन आठवडे रोज रात्री पोरगी झोपली की खोलीचं दार लोटून, आवाज बारीक करून वाढवलेली. कुणाला न विचारता. हाच गुन्हा.

तर आता मला अक्कल आली आहे, आणि आलेली अक्कल वाटल्याशिवाय मराठी माणसाला झोप लागत नाही. तुम्हालाही परफेक्ट बिल्ड हवाय ना? मग बसा असे.

पहिली गोष्ट, खेळायला सुरुवात करू नका. त्याची घाई कशाला? या खेळातलं पॅसिव्ह झाड पहिल्यांदा उघडलं की रात्री सिंहगडावरून पुणं दिसतं तसं दिसतं. नुसते ठिपके, १३०० च्या आसपास. तुमच्या पदरात पडणारे पॉइंट सगळे मिळून १२० च्या घरात. अडाणी माणूस म्हणतो, चला, त्या कोपऱ्यात काय आहे ते बघून येऊ. तुम्ही असलं काही करायचं नाही. खेळाडूंनीच बनवलेलं पाथ ऑफ बिल्डिंग नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उतरवून घ्या. त्यात एकही राक्षस न मारता तुम्ही राक्षसाला सेकंदाला किती इजा करू शकाल ते (म्हणजे डीपीएस) दशांश चिन्हासकट कळतं. मला एक गृहस्थ माहीत आहेत, ते शुक्रवार आणि शनिवारची अख्खी संध्याकाळ त्यात घालवून रविवारी अर्धा तास खेळले होते. त्यांच्या लॅपटॉपवर अशा १४ बिल्डच्या फाइली आहेत. नाव विचारू नका, त्यांची बायको हे वाचते.

पात्राचं नाव, चेहरा, त्याची गोष्ट यांकडे ढुंकून बघू नका. त्यांचा डीपीएस शून्य.

मग गुरू करा. लीग, म्हणजे खेळाचा नवा हंगाम, सुरू व्हायच्या आधीच त्यांचे व्हिडिओ येतात, थंबनेलवर लाल बाण आणि डोळे बाहेर आलेला चेहरा. ते सांगतील तसंच करायचं. राइटियस फायर घ्या म्हणाले की घ्यायचं. म्हणजे काय, तर स्वतःला पेटवून घ्यायचं आणि गर्दीतून चालत सुटायचं. जवळ येईल तो जळेल, आपण मात्र जळूनही मरणार नाही एवढा फायर रेझ आणि एवढं रीजन, म्हणजे लाइफ आपोआप भरून येणं. (बिल्ड चांगला आहे, खोटं का बोला. मी केलाय. दुसऱ्या दिवशी मला कळेना की मी नक्की खेळतोय की इस्त्री फिरवतोय.) आणि दर तीन-चार महिन्यांनी नवी लीग आली, पॅच आला, तुमचा बिल्ड नर्फ झाला, म्हणजे कंपनीनं कमजोर केला, की रडायचं नाही. जुलै २०२१ मध्ये एक्सपिडिशन लीगसोबत ३.१५ पॅच आला तेव्हा कौशल्यांना जोर देणाऱ्या सपोर्ट जेमपासून औषधाच्या फ्लास्कपर्यंत सगळ्यांचे पंख छाटले गेले होते. गुरू तोवर पुढच्या बिल्डवर पोचलेले असतात. तुम्ही लेव्हल ७० ला, हातात धनुष्य घेऊन, एसटी निघून गेल्यावर स्टँडवर उरलेल्या माणसासारखे.

चूक करू नका. ही सूचना छोटी वाटते, पण सगळी गंमत इथेच आहे. याच खेळात चुकीचा पॉइंट परत काढायला जी वस्तू वापरतात तिचं नाव ऑर्ब ऑफ रिग्रेट. पश्चात्तापाचा गोळा! एका चुकीला एक गोळा. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला माणूस कळलेला होता. आणि हे तरी बरंच म्हणायचं. याच जातीचा जुना खेळ डायब्लो २ आला २००० साली, आणि चुकलेले पॉइंट परत काढायची सोय त्यात आली २०१० च्या १.१३ पॅचमध्ये. मधली दहा वर्षं चुकलं ते चुकलं.

मी चुकलो होतो. २००३ साली डेक्कनच्या एका सायबर कॅफेत, सात नंबरच्या मशीनवर, तासाला २० रुपये देऊन. माझी सॉर्सरेस होती. जादूगारीण म्हटल्यावर तिला जादूची ताकद लागणार, म्हणून लेव्हलला मिळणारे पाचही पॉइंट मी इमानदारीत एनर्जीत टाकत गेलो. ज्यांनी तो खेळ खेळलाय ते आत्ता कपाळावर हात मारत असतील. एनर्जीत एकही टाकायचा नसतो, सगळे व्हायटॅलिटीत, म्हणजे लाइफ वाढवण्यात. मला काय माहीत? दुसऱ्या अंकाच्या शेवटी डुरिएल राक्षसाच्या त्या खुराड्यात पाय ठेवला की मी मेलोच. अकरा वेळा मोजलं, मग मोजायचं सोडलं. सेव्ह सात नंबरवरच होतं, त्यामुळे ते मशीन मोकळं नसेल तर बाहेरच्या बाकावर थांबायचो. शेजारच्या मशीनवर एक दाढीवाला सीनियर बसायचा. त्यानं एकदा माझी स्क्रीन पाहिली, “एनर्जीत टाकतात का रे येड्या!” म्हणून अख्ख्या कॅफेला ऐकू जाईल असा हसला, आणि लॅनवर त्याचा बार्बेरियन योद्धा आणून डुरिएलच्या पुढ्यात उभा केला. तू मागून मार, म्हणाला.

पण ते अडाणी युग होतं. आता आपण सुधारलो. म्हणून शेवटची आणि सगळ्यांत महत्त्वाची सूचना, माणसाचं नाव विचारायच्या आधी आकडा विचारा. लाइफ किती, रेझ किती, डीपीएस किती. ३६ गुण जुळल्याशिवाय पार्टीत घेऊ नका. स्थळ बघायला आलेल्या मंडळींसारखं वागा: फ्लॅट आहे का, टू बीएचके की वन, कारपेट की बिल्टअप, आणि लोन कुणाच्या नावावर. मुलगा बोलतो कसा, हसतो का, हे कशाला? वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या ऑनलाइन खेळातल्या लोकांनी हे १५ वर्षांपूर्वीच साधलं होतं. गिअरस्कोअर नावाचं एक ॲड-ऑन होतं, अंगावरच्या सामानावरून माणसाची किंमत एका आकड्यात सांगायचं. आकडा कमी, तर दारातूनच परत. त्याच खेळात सगळे एकच टॅलेंट बिल्ड उतरवून घेतात म्हणून कंपनीनं २०१२ मध्ये ती झाडंच उपटून टाकली. लोक ओरडले, आमची निवड काढून घेतली म्हणून. २०२२ मध्ये ड्रॅगनफ्लाइट या नव्या भागासोबत झाडं परत आली, निवड परत आली. आणि सोबत काय सोय आली माहितीये? अक्षरांची एक लांबलचक ओळ पेस्ट करायची, की सगळं झाड आपोआप भरतं. दहा वर्षं निवडीसाठी गळा काढला आणि मिळाल्यावर कंट्रोल व्ही! सिव्हिलायझेशन ४ या खेळाचा डिझायनर सोरेन जॉन्सन कधीच लिहून गेलाय की संधी मिळाली तर खेळाडू खेळातली मजासुद्धा ऑप्टिमाइझ करून काढून टाकतील. आणि एवढं करून तुम्हाला काय हवं असतं? शनिवारी रात्री सहा जणांनी मिळून एक नकाशा साफ करायचा होता, म्हणजे एका जागेतले राक्षस मारायचे होते. नकाशा! वर्ल्ड कप नव्हता तो! माझ्या मायनस २२ मुळे कोण मरणार होतं? मीच ना? मग मरू द्यायचं होतं मला! मी मरून परत पोर्टलमधून आलो असतो, तेवढीच करमणूक!

जाऊ दे.

मला कारण कळत नाही असं नाही. लेव्हल ८६ ला मेलं की त्या लेव्हलच्या एक्सपीतले, म्हणजे अनुभवाच्या गुणांतले, १० टक्के जातात, म्हणजे माझ्या दोन रात्री. नोकरी, पोर, ईएमआय यांतून माणसाला दिवसाला दीड तास मिळतो. तो वाया जायला नको म्हणून कुणी तयार बिल्ड घेतला तर मी कोण बोलणार? पण माझ्याकडे दीड तास आहे आणि मी भटकतोय. त्या पोरांना इंजिनिअरिंगची सुट्टी आहे, दहा-दहा तास खेळतात, आणि त्यांच्याकडेच चुकायला वेळ नाही! हे कुठून आलं यांच्यात?

कुठून म्हणजे काय. या भाच्याचा इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म मीच भरला होता. एक्सेल केली होती मी, तीन वर्षांचे कटऑफ, रंग देऊन: हिरवं, पिवळं, लाल. तो मध्येच एकदा म्हणाला होता, “मामा, जिऑलॉजीचं कसं असतं?” दहावीच्या सुट्टीत गडावरून गोळा केलेले दगड अजून आहेत ताईकडे, चपलांच्या स्टँडवर, बुटाच्या खोक्यात. आणि मी काय म्हणालो? “स्कोप काय त्याला? कॉम्प्युटर टाक वर.” बिल्ड चुकू नये म्हणून.

तेव्हा गाढव मीही आहे, ते ठरलं. पण भाचेबुवा, म्हणून तुला सूट नाही. तू हे वाचणार, ताई पाठवणारच तुला. तर ऐक. माझी रेंजर वाईट आहे, मला माहितीये. तुझ्या मित्राला केऑस रेझची काळजी असेल तर त्यानं तो रेझ वाढवणाऱ्या दोन अंगठ्या द्यायच्या होत्या, त्याच्या स्टॅशमध्ये, म्हणजे खेळातल्या पेटीत, सडत पडल्या असतील. वयानं दुप्पट असलेल्या माणसाला अंकल म्हणायचं आणि न सांगता बाहेर काढायचं, ही कुठली पद्धत? तोंडानं सांगायला काय झालं होतं, मामा आज नको म्हणून? माझं काही अडलं नसतं, मी झोपलो असतो. मी त्यानंतरही पाऊण तास त्या झाडात पॉइंट शोधत बसलो होतो, गाढवा. थांबतो म्हणाला होतास ना? मग थांबायचं होतंस.