बिबट्या वाट चुकलेला नसतो

जुन्नर, शिरूर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात कुठेही बिबट्या दिसला, की मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो: 'जंगल संपल्यामुळे बिबटे वाट चुकून गावात येतात आणि माणसाच्या मागावर राहतात, त्यांना पकडून लांबच्या जंगलात सोडले की प्रश्न मिटेल.' ज्या घरातले मूल बिबट्याने नेले, त्या घराचा संताप समजण्यासारखाच आहे. संदेशातला उपाय मात्र त्या घराच्या शेजाऱ्यांनाही वाचवणारा नाही.

पहिला दावा वाट चुकण्याचा. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले तसा या भागात ऊस वाढला, आणि आडसाली ऊस तर दीड वर्षाच्या आसपास उभा असतो. बिबट्याच्या मादीला पिल्ले घालायला याहून निवांत जागा कोणती? ऊसतोडीच्या वेळी फडात सापडणारी पिल्ले त्याच शेतात ठेवली, तर बहुतेकदा रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. उसातच जन्मलेल्या जनावराला वाट चुकलेले म्हणणे हा शब्दाचाच घोटाळा आहे.

माणसाच्या मागावर राहण्याच्या दाव्याचे उत्तर बिबट्याच्या विष्ठेत मिळते. अकोल्यातल्याच अभ्यासात त्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव आणि गावात वावरणाऱ्या जनावरांचा वाटा ८७ टक्के निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के होता. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा राखण करतो अशी आपली समजूत असते. बिबट्याच्या दृष्टीने ते पळू न शकणारे भक्ष्य असते. उकिरडा आणि त्यावर पोसलेली मोकाट कुत्री गावात असतील, तोवर बिबट्याला तिथे येण्याचे कारण राहणारच.

तिसरा दावा सर्वांत घातक आहे, कारण तो अमलात आणून झालेला आहे. जुन्नर परिसरात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे पकडून इतरत्र सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले, आणि जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. अनोळखी मुलखात सोडलेले, पिंजऱ्यात बिथरलेले जनावर सहसा तिथे मुक्काम करत नाही. टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढलेल्या 'आजोबा' नावाच्या बिबट्याला २००९ मध्ये गळ्यात माग काढणारा पट्टा लावून माळशेज घाटात सोडले, तेव्हा तो महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. शिवाय एक बिबट्या उचलला की त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा, बरेचदा तरुण आणि अननुभवी बिबट्या व्यापतो.

माणसावर खरोखर हल्ले करणारा विशिष्ट बिबट्या पकडावाच लागतो, याबद्दल वाद नाही. पण दिसला बिबट्या की लाव पिंजरा, ही मागणी वेगळी. त्यापेक्षा कुत्रे आणि शेळ्या रात्री बंदिस्त गोठ्यात घ्याव्यात, अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर सोडू नये, आणि शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी यासाठी सगळ्या गावाने निवेदन द्यावे. उसाला पाणी द्यायला माणूस मध्यरात्री एकटा जातो तो हौसेने नव्हे. थ्री-फेज वीज अनेकदा त्याच वेळी येते म्हणून.