पॅनलच्या आधी पश्चिमेची भिंत बघा

इंदूरच्या रामबागेतला आमचा वाडा पाडून चार मजली इमारत उभी राहिली, त्याला हा तिसरा उन्हाळा. रस्त्याकडची पश्चिमेची बाजू सगळी काचेची. बिल्डर म्हणाला, "दिखता अच्छा है भैया," आणि आम्हीही हो म्हटलं. आता मे महिन्यात दुपारी चारला त्या काचेला आतून हात लावला तर चटका बसतो. आईनं त्या खोलीत बसणंच सोडलंय. वाड्यात ती याच जागी जाड भिंतीला टेकून गहू निवडायची.

गेल्या दिवाळीत गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. सरकारी योजनेतून ७८ हजार रुपये सबसिडी मिळाली. किलोवॅटमागे रोज साधारण ४ युनिट, म्हणजे १२ युनिट वीज होते. त्यातली बरीचशी त्या काचेच्या खोलीतला एसी खातो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिवाय पाण्याची टाकी बांधली दक्षिणेला. थंडीत तिची लांब सावली दोन पॅनलवर पडते. पॅनल एकमेकांना साखळीसारखे जोडलेले, त्यामुळे एकावर सावली आली की सगळ्या ओळीची वीज घटते. टाकी उत्तरेला हवी होती, एवढंच!

घर बांधणाऱ्या ओळखीच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: "किती किलोवॅट?" हे नंतर विचारा, आधी नकाशावर पश्चिम शोधा. इंदूर कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला. ऐन उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून सर्वांत जास्त तापते ती गच्ची. तिला पांढरा चुना द्या. पॅनल उंच चौकटीवर बसवले तर खाली सावलीही मिळते. दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं, छज्ज्याखालून थेट आत शिरतं. तिथे झाड, उभी जाळी, नाहीतर भरीव भिंतच हवी. आणि खिडक्या समोरासमोर. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रीचं, कौतुक आपणच करतो ना? तो रात्रीचा गार वारा घरात फिरला तरच भिंती थंड होतील. आमची काच तर उघडतच नाही.

याला फार पैसा लागतो असंही नाही. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी इथेच, इंदुरात, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी अरण्य वसाहत आखली. घरं भिंतीला भिंत लावून, म्हणजे बाजूच्या भिंतींना ऊनच लागत नाही. १९९५ मध्ये तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. एकदा जाऊन या.

गेल्या रविवारी आम्ही काचेच्या बाहेरून बांबूच्या चिका बांधल्या. बाहेरूनच, कारण आतल्या पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन घरात आलेलंच असतं. काल दुपारी आई सूप घेऊन त्या खोलीत गहू निवडत बसली होती.