पंधरा मिनिटं निभावली म्हणजे रक्त मानवलं?

“रक्त चढवताना पहिली 15 मिनिटं काही झालं नाही की धोका टळला. क्रॉसमॅच केलेलं, म्हणजे रुग्णाच्या रक्ताशी आधी जुळवून पाहिलेलं रक्त त्रास देत नाही, नातेवाइकाचं असेल तर बघायलाच नको. घरी ताप आला तर रक्त अंगात मुरतंय समजा.” हा निरोप घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. बोलणं आश्वासक, पण चुकीचं.

नर्स सुरुवातीची 15 मिनिटं खाटेपाशी थांबते, कारण चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर बहुधा तेव्हाच कळतं. पण फुप्फुसात पाणी साठून लागणारी धाप कित्येक तासांनीही सुरू होते, विशेषतः वयस्कर माणसांना आणि हृदयाच्या, किडनीच्या रुग्णांना. संध्याकाळी घरी आणलेल्या आजीला रात्री आडवं पडवेना, तर “दगदग झाली असेल” म्हणत सकाळ उजाडायची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

क्रॉसमॅचचा मुद्दा जास्त फसवा आहे. जुन्या बाळंतपणात किंवा आधी रक्त घेतलं तेव्हा शरीरात अँटिबॉडी, म्हणजे परक्या लाल पेशींवर हल्ला करणारं प्रथिन, तयार झालेली असू शकते. वर्षांनुवर्षं गेली की ती इतकी कमी होते की तपासणीत सापडतच नाही. किड (Kidd) नावाच्या, A-B-O हून वेगळ्या रक्तगटाविरुद्धची अँटिबॉडी तर यासाठी रक्तपेढ्यांत बदनाम आहे. क्रॉसमॅच बरोबर जुळतो, रक्त चढतं, आणि शरीराला जुनी ओळख पटते. मग साधारण 3 ते 14 दिवसांत नव्या लाल पेशी फुटायला लागतात: ताप, थकवा, पिवळे डोळे, कोऱ्या चहासारखी लघवी. यात रक्तपेढीची चूक असेलच असं नाही. डोळे मात्र खिडकीपाशी, दिवसाउजेडी बघा. पिवळ्या बल्बखाली अख्ख्या घराला कावीळ झालेली दिसते.

नातेवाइकाचं रक्त? उलट जवळच्या नात्यातल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्या शरीरात तग धरतात आणि त्याच्यावरच उलटतात. म्हणून ते रक्त किरणं देऊन वापरावं लागतं. पुढच्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, जुलाब असं एकत्र आलं, तर रक्त घेतल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

राहिला ताप. रक्त मुरलं म्हणून ताप येत नाही. पुष्कळदा तो निरुपद्रवी असतो, पण साधा ताप आणि पेशी फुटल्याचा ताप थर्मामीटरला सारखेच. गोळी देण्याआधी दवाखान्यात फोन करा.

डिस्चार्ज कार्डावर पिशवीचा नंबर लिहून घ्या. आणि तपासणीत अँटिबॉडी सापडलीच, तर तिचं नाव लिहिलेला कागद कायम जवळ ठेवा. पुढच्या वेळी ती पुन्हा लपलेली असेल, तेव्हा रक्तपेढीला तो कागदच सांगेल.